मागच्या खोलीची रेंज

विद्यापीठाचं पत्र आलं होतं काकूंच्या नावाने, पण ते मोठ्याने वाचलं फोनकाकांनी, आणि वाचता वाचता त्यांचं तोंड लांब होत गेलं. तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, संगणकावरून. विद्यार्थिनीने खोलीत एकटीने बसावं. खोलीचं दार बंद असावं आणि ते बंद दार कॅमेऱ्यात दिसावं. मध्येच कोणी आत आलं तर परीक्षा रद्द. संपर्क दोनदा तुटला तर विद्यार्थिनी गैरहजर.

“मग त्यात काय एवढं?” काकू म्हणाल्या. “प्रकल्प मी स्वतः लिहिलाय. विचारतील ते सांगेन.”

“तुला येईल गं. पण रेंजला यायला नको का?”

आता दोघंही एकदम मागच्या खोलीकडे बघायला लागली. घर तसं बेताचं. हॉलला दार नाही, नुसती कमान आहे. स्वयंपाकघराचं दार फ्रीज आत नेताना काढलं ते परत बसवायचं राहून गेलं, त्याला नऊ वर्षं झाली. दार असलेल्या जागा दोनच, एक मागची खोली आणि दुसरी न्हाणीघर. न्हाणीघरात बसून बी. ए.ची तोंडी परीक्षा देणं काकूंना मंजूर नव्हतं. आणि वायफायची रेंज मागच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत यायची आणि तिथून निमूट माघारी फिरायची.

काकू एकोणसाठाव्या वर्षी बी. ए. करत होत्या. तीन वर्षं त्यांनी कणीक मळता मळता नोट्स पाठ केल्या, चष्म्याचा नंबर दोनदा वाढवला, सगळे पेपर पास झाल्या. आता राहिली होती ती एवढी तोंडी परीक्षा. ती हुकली तर पुन्हा वर्षभर थांबायचं. “वर्षभर काय, थांबेन की,” असं काकू हसत म्हणायच्या खऱ्या, पण पत्राची घडी त्यांनी तीन वेळा घातली आणि तीन वेळा उघडली, हे काकांनी पाहिलं.

फोनकाकांना हा सगळा प्रकार स्वतःच्या इभ्रतीवर आल्यासारखा वाटला, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि इन्स्पेक्टर होऊन उतरले. अख्खी इमारत त्यांना फोनकाका म्हणते. कोणाचा मिक्सर बंद पडला तरी लोक आधी काकांना हाक मारतात, कारण मिक्सरलाही वायर असते. आणि अशा माणसाच्या घरात, हॉलपासून वीस पावलांवर, संपर्क होऊ नये!

त्यांनी खात्यातल्या शिस्तीप्रमाणे एक जुनी वही काढली, तिच्यावर ‘फॉल्ट रजिस्टर’ असं लिहिलं आणि काकूंसमोर बसले.

“तक्रारदाराचं नाव?”

“अहो, काय चाललंय?”

“नोंद नको? नोंद नाही ती तक्रारच नाही. तक्रारीचं स्वरूप?”

“नवरा काम सोडून वही भरत बसलाय,” काकू म्हणाल्या आणि भाजी चिरायला निघून गेल्या. काकांनी ‘रेंज नाही’ असं लिहून तारीख टाकली.

रजिस्टरमध्ये नोंद होते न होते तोच इमारतीत बातमी पसरली. ती कशी पसरली हे कोडंच आहे, कारण काका फक्त समोरच्या डॉक्टरांशी बोलले होते. डॉक्टर होमिओपॅथीचे. ते घरात आले, राउटरकडे बघून त्यांनी मान हलवली आणि राउटरला जीभ दाखवायला सांगतील अशा चेहऱ्याने म्हणाले, “एकच मोठा डोस आहे ना, तिथेच चुकतंय. लहान लहान दोन-तीन द्या. घरभर ठेवा. हळूहळू गुण येईल.”

गंमत म्हणजे दुकानदारानेही तेच सांगितलं. “एकाने भागत नाही हो काका. हे घ्या ॲक्सेस पॉइंट. जोडीच घेऊन जा. भिंतीत खोचायचं, बटण दाबायचं, विसरून जायचं.”

काकांनी दोन्ही डब्या आणल्या. आणि जिथे रेंज नव्हती तिथेच रेंजची गरज आहे, या सरळ विचाराने पहिली डबी मागच्या खोलीत, काकूंच्या टेबलाशेजारी लावली. डबीवर हिरवा दिवा लागला. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या भरल्या. काकांनी हाक मारली, “अगं, बघ! नुसतं बटण दाबलं!” काकूंनी व्हिडिओ लावून पाहिला. गोल गोल फिरणारं चक्र फिरत राहिलं.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “काका, ती डबी स्वतः काही तयार करत नाही. तिच्यापर्यंत जे पोचतं तेच ती पुढे पाठवते. तिथे काही पोचतच नसेल तर ती तरी काय पाठवणार?”

थोडक्यात, नसलेली रेंज काकांनी दुप्पट केली होती. मग डबी बोळकांडीत आली, तिथून शोकेसवर, तिथून चपलांच्या कपाटावर. चपलांच्या कपाटावरून मागच्या खोलीत थोडं थोडं जाऊ लागलं, पण व्हिडिओतला माणूस ‘नमस्कार’ म्हणाला की ‘न’ सोमवारी आणि ‘स्कार’ मंगळवारी अशी परिस्थिती. शेवटी दुकानदार म्हणाला, “असं बिनतारी नाही जमणार तुमच्याकडे. भिंती जाड आहेत. राउटरपासून डबीपर्यंत वायर ओढावी लागेल.”

वायर! काकांनी फोन ठेवला आणि ते आरशासमोर जाऊन उगाचच केस विंचरून आले. गेले चार दिवस जी गोष्ट त्यांना दिसत नव्हती, हातात येत नव्हती, जिच्याशी भांडायलाही तोंड नव्हतं, ती अखेर त्यांच्या इलाख्यात आली होती. “मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो,” ते काकूंना म्हणाले. ते असं काहीही म्हणत नव्हते, पण काकूंनी “हो का” म्हटलं. संसार असाच चालतो.

दाराखाली उंबरठा, फट नाही; वायर न्यायची तर मधल्या भिंतीतून, आणि मधल्या भिंतीत काँक्रीटची तुळई. तिला भोक पाडायचं तर सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरींनी कपाटातून छापील अर्ज काढला. त्यात कारणांचे तीन रकाने होते, गळती, रंगकाम आणि इतर.

“तुमचं इतरमध्ये येतं,” सेक्रेटरी म्हणाले. “इतर असलं की कमिटीपुढे जातं.”

“मग न्या की.”

“कमिटी महिन्याच्या पहिल्या रविवारी बसते.”

काकांनी बोटं मोजली. पहिला रविवार परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी येत होता.

“अहो, भोक बोटाएवढं आहे! माझ्या बायकोची परीक्षा आहे!”

“मला वाईट वाटतंय काका, खरंच. पण आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे येतील. नंबर म्हणजे नंबर. तुम्हाला मी सांगायला हवं का?”

इथे काकांची पंचाईत झाली. कारण हे वाक्य, याच सुरात, त्यांनी स्वतः छत्तीस वर्षं फोनच्या प्रतीक्षायादीत ताटकळणाऱ्या लोकांना ऐकवलं होतं. नियमाला नियम म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, याचा त्यांना काहीच सराव नव्हता. त्यांनी अर्ज तीन प्रतींत भरून दिला, पोच घेतली आणि घरी येऊन सेक्रेटरींना मनातल्या मनात एक शिवी दिली. तीही मग परत घेतली.

तर मग भिंत नको, बाहेरून. हॉलच्या खिडकीतून वायर बाहेर काढायची, मागच्या सामाईक गॅलरीतून न्यायची आणि खोलीच्या खिडकीतून आत घ्यायची. पासष्टीला आलेल्या काकांनी स्टूल मांडलं, काकूंनी स्टूल धरलं आणि डॉक्टरांनी खाली उभं राहून “डावीकडे, थोडं डावीकडे” असं सांगायचं काम पत्करलं. दोन तासांत वायर अशी बसली की खात्याचा फोटोग्राफर बोलवावा. कुठे झोळ नाही, कुठे गाठ नाही, हातभर अंतरावर एकेक क्लिप. काका बराच वेळ गॅलरीत नुसते उभे होते.

सकाळी उठून बघतात तो वायरवर दोन साड्या, एक चादर आणि पायमोज्यांचे चार जोड. शेजारच्या आजी शेवटचा टॉवेल झटकत होत्या.

“देव तुझं भलं करो रे बाबा!” आजी म्हणाल्या. “दोन वर्षं त्या सेक्रेटरीला सांगतेय, कपड्यांना एक दोरी लाव म्हणून. तुला बरोबर कळलं. आणि किती ताठ बांधलीयस!”

आशीर्वाद देणाऱ्या म्हातारीला चादर काढा कसं म्हणायचं? काका बाजारात गेले, नायलॉनची दोरी घेऊन आले आणि वायरच्या खाली वीतभर अंतरावर आजींसाठी दुसरी दोरी बांधून दिली. त्यात बुधवारची सकाळ गेली. आजींनी दोन्ही वापरायला सुरुवात केली. मग काकूंनी जाऊन आजींना एकीकडे बसवून काय ते समजावलं, तेव्हा वायर मोकळी झाली.

आता खरी मेख. वायर एक आणि डब्या दोन. जोडी घेतलीच आहे तर एक बोळकांडीत आणि एक खोलीत, म्हणजे कुठूनच कमी पडायला नको, असा काकांचा हिशेब. आणि एका वायरवर दोन टोकं कशी घ्यायची हे काकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पॅरललमध्ये त्यांचा हातखंडा होता! त्या काळी लोक विनवण्या करायचे, काका, खाली दुकानात फोन आहे, वर घरात एक पॅरलल काढून द्या. तारेला तार जोडली की खाली घंटी वाजायची तशी वरही वाजायची. काकांनी हॉलमध्ये वायर मध्येच सोलली. आतल्या आठ बारीक तारा रंगांप्रमाणे वेगळ्या केल्या. एकेकीला जोड दिला, पीळ घातला, डाग दिला, टेप गुंडाळली. त्या कामात गुरुवारची दुपार कशी गेली ते त्यांना कळलं नाही. ते तोंडातल्या तोंडात गाणंही म्हणत होते, असं काकू नंतर सांगायच्या.

बटण दाबलं. मागच्या खोलीत काही नाही. बोळकांडीत काही नाही. आणि हॉलमध्ये, जिथे इतके दिवस सगळं सुरळीत होतं, तिथेही राउटरचा दिवा लुकलुकून लाल झाला.

“म्हणजे आधी फक्त मागच्या खोलीत नव्हतं,” काकू हळूच म्हणाल्या. “आता सगळीकडे सारखं झालं.”

त्यांनी हे चिडवायला म्हटलं होतं, पण आवाज जरा कापला. परवा शनिवार, आणि ते कापणं काकांना ऐकू गेलं. ते कंपनीला फोन लावायला बसले. मशीनने एक दाबा म्हटलं, एक दाबलं. दोन दाबा म्हटलं, दोन दाबलं. बाविसाव्या मिनिटाला एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “सर, एकदा बंद करून चालू करा.”

“बाई, मी छत्तीस वर्षं खात्यात होतो,” काका म्हणाले.

“हो सर. बंद करून चालू केलंत का?”

शुक्रवारी सकाळी कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलायला सावकाश. त्याने वायर खिडकीपासून बघत बघत आणली. हॉलमधल्या जोडापाशी थांबला, टेप सोडली, चष्मा लावला. जोड दोनदा उलटसुलट करून पाहिला.

“हा जोड कोणी दिलाय?”

“आधीचा माणूस येऊन गेला होता,” काका म्हणाले.

“अहो,” आतून काकूंचा आवाज आला, “आधीच्या माणसाला विचारा, चहा घेणार का.”

कंपनीचा माणूस गालातल्या गालात हसला. “जोड सुंदर आहे. खोटं नाही सांगत. असा हात हल्ली बघायला मिळत नाही. पण काका, तुमच्या फोनच्या तारेत आवाज वाहायचा. कुठेही टोक जोडा, ऐकू येणारच. इथे एका तारेवर दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली की राउटरला कोणाचंच काही कळत नाही. एका तारेला एकच टोक. दुसरी डबी हवी तर दुसरी तार.”

“म्हणजे पॅरलल नाहीच?”

“नाहीच.”

काका खुर्चीवर बसले. छत्तीस वर्षांची विद्या एका वाक्यात निकालात निघाली की माणसाला जरा बसावंसं वाटतं. पण बसायला वेळ नव्हता. त्या माणसाने तार मधून कापून नवी टोकं लावून दिली, दोन्ही डब्यांना राउटरचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला, म्हणजे काकूंना खोल्या बदलताना काही करायला नको, आणि तो पुढच्या तक्रारीवर निघून गेला. जाता जाता तो जोडाचा तुकडा मात्र खिशात घालून घेऊन गेला. “आमच्या नव्या लोकांना दाखवतो,” म्हणाला. कौतुकाने की कसं, ते काकांनी विचारलं नाही. दुसरी तार काकांनी संध्याकाळपर्यंत ओढली. मग डॉक्टर समोरच्या घरात परीक्षक होऊन बसले आणि काकूंना व्हिडिओवर “झोप कशी लागते? तहान जास्त लागते का?” असे प्रश्न विचारले. एक शब्द तुटला नाही.

शनिवारी पावणेअकराला काकूंनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. काका बोळकांडीत, दारासमोर, स्टूल टाकून बसले. आत कोणी जाऊ नये यासाठी. घरात दोघांशिवाय कोणी नव्हतं, पण पहारा म्हणजे पहारा.

खात्यात एक शिस्त होती. लाइन चालू झाली का एवढंच बघायचं, “हॅलो” म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही. काकांनी ती नोकरीभर पाळली होती. पण आज दार पातळ होतं आणि रेंज इतकी चोख की परीक्षकांचा आवाज शेजारी बसल्यासारखा येत होता. उठून जावं तर पहारा सुटतो. काकांनी कान बंद करायचा प्रयत्न केला. पण कानांना झाकणं नसतात.

काकूंचा प्रकल्प होता ‘एका जिन्यावरच्या बायकांचा दिवस’. काकू धडाधड सांगत होत्या. कोण किती वाजता उठतं, कोणाला दुपारी अर्धा तास मिळतो, कोणाला तोही मिळत नाही. ही बाई इतकं बोलते हे काकांना माहीत नव्हतं. आपल्यालाही हिने जिन्यात घेतलंय की काय, अशी एक धास्ती त्यांना वाटून गेली.

मग परीक्षक बाईंनी विचारलं, “तुमच्या अर्जात लिहिलंय, अडतीस वर्षांपूर्वी तुम्ही शेवटच्या वर्षाला होतात. सगळे पेपर दिले, एका पेपरला गैरहजर. आजारी होतात का?”

“नाही हो,” काकू म्हणाल्या. “त्या पेपरची तारीख ऐन वेळी अलीकडे आली. ज्यांच्या घरी फोन होता त्यांना कॉलेजने फोन करून कळवलं. बाकीच्यांना कार्ड टाकलं. माझं कार्ड दुसऱ्या दिवशी आलं.”

“अरेरे. तुमच्याकडे फोन नव्हता?”

“नव्हता.”

“मिस्टर काय करायचे?”

काकू थांबल्या. काकांना वाटलं लाइन तुटली.

“टेलिफोन खात्यात होते,” काकू म्हणाल्या.

पलीकडे तिन्ही परीक्षक हसले. मोकळं, चांगल्या मनाचं हसणं. काकूही हसल्या. हसता हसता म्हणाल्या, “आमचा नंबर यायचा होता. नंबराआधी स्वतःच्या घरी फोन लावायचा नाही, असं त्यांचं होतं. लोक घरी येऊन सांगायचे, लावून घ्या, कोण बघतंय. पण ते नाहीच म्हणाले. आणि ते बरोबरच होतं. मला आजही तसंच वाटतं. फक्त माझा पेपर गेला.”

ही गोष्ट काकांच्या आवडीची होती. माझ्या घरी फोन नंबरानेच आला, सहा वर्षं थांबलो, ही ती गोष्ट. निरोपसमारंभात त्यांनी ती माइकवरून सांगितली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. लग्नामुंजीत, पाहुण्यांत, डॉक्टरांना तर चार वेळा सांगितली होती. प्रत्येक वेळी काकू शेजारी बसून ऐकायच्या, आणि काका म्हणायचे, विचारा हिला.

कोणी तिला कधी विचारलं नव्हतं.

अकरा चाळीसला दार उघडलं. काकूंच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा लग्नातल्यासारखा उजळला होता. “झालं बाई एकदाचं! एकदासुद्धा तुटलं नाही हो. अगदी समोर बसल्यासारखं. अहो, काय झालं? असे का बसलात?”

“मला हे कधी सांगितलं नाहीस,” काका म्हणाले.

काकूंना क्षणभर काही कळलं नाही. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, आणि कळलं.

“तुम्ही ती गोष्ट किती हौसेने सांगायचात,” त्या म्हणाल्या. “मध्ये कुठे बोलायचं?”

काकांना बोलायचं खूप होतं, पण जे सुचत होतं ते सगळं रजिस्टरमध्ये लिहिण्यासारखं होतं. ते उठले आणि स्टूल उचलून आत ठेवून आले. परत येऊन विचारलं, “निकाल कधी?”

“सोमवारी. कार्यालयातून फोन करतील म्हणाले.”

रविवारी कमिटी बसली आणि काकांच्या भोकाला एकमताने परवानगी मिळाली. काका गेलेच नाहीत. सोमवारी सकाळपासून ते हॉलमध्ये बसून होते. भाजी आणायला गेले नाहीत, अंघोळही डॉक्टरांना हॉलमध्ये बसवून केली. काकू म्हणाल्या, “अहो, इतकं काय, वाजला की मी घेईन ना.” काका हलले नाहीत. पावणेचारला काकूंचा मोबाइल टेबलावर वाजला. अनोळखी नंबर. काकू मागच्या खोलीत पुस्तकं आवरत होत्या.

आजवर घरातला कुठलाही फोन पहिल्या घंटीला काकांनी उचलायचा, “हॅलो, कोण बोलतंय?” म्हणायचं, सगळी चौकशी करायची, आणि मग ज्याचा त्याला द्यायचा, ही रीत होती. आज त्यांनी फोन उचलला पण कानाला लावला नाही. वाजता फोन दोन्ही हातांत धरून ते बोळकांडीतून जवळजवळ पळतच गेले.

“घे,” ते म्हणाले. “तुझा फोन आहे.”